डीसी क्लॅम्प मीटर: आठ महिने वापरून

वायर न सोडवता, तिच्याभोवती जबडा मिटून करंट मोजणारा हा मीटर. दिवाळीत घेतला, आता आषाढ चालू आहे. बेळगावच्या खानापूर रोडला माझं ऑटो इलेक्ट्रिकचं छोटं गॅरेज. गाड्या, ट्रॅक्टर, अधूनमधून कुणाच्या गोठ्यातला सोलर दिवा. सगळा कारभार १२ आणि २४ व्होल्टचा. इतकी वर्षं टेस्ट लॅम्प आणि साध्या मल्टिमीटरवर काढली. करंट बघायचा म्हटलं की वायर सोडवा नाहीतर कापा, मध्ये मीटर घाला, आणि त्यात कुणी चुकून सेल्फ मारला की मीटरचा फ्यूज गेलाच. उडालेल्या फ्यूजच्या पैशात हा मीटर कधीच आला असता.

चार हजारांच्या आत बसला. घेताना ‘डीसी अँपिअर’ लिहिलंय का एवढं नक्की बघा. घरगुती वायरमनकडं दिसतो तो क्लॅम्प बहुतेक वेळा फक्त एसीचा. त्याच्या जबड्यात कॉइल असते आणि करंट बदलता असला तरच तिच्यात काही उमटतं, त्यामुळं बॅटरीच्या वायरीला लावला तर शून्य. डीसीवाल्यात हॉल सेन्सर असतो, तो वायरीभोवतीचं चुंबकीय क्षेत्रच मोजतो. शेजारच्या दुकानातल्या पोरानं स्वस्त म्हणून एसीचा आणला आणि दोन दिवस माझ्याशी भांडला, गाडीत करंटच नाही म्हणून.

पैसे वसूल झाले ते शहापूरच्या एका कारवर. “मामा, परत बसली की बॅटरी!” तिसरी खेप. आधीच्या दोन्ही वेळेला मी टर्मिनल काढून मीटर घातला होता. बंद गाडीत ३० मिलिअँपिअर, म्हणजे ठीक. चूक तिथंच होती. टर्मिनल काढलं की गाडीतली सगळी मॉड्यूल (इलेक्ट्रॉनिक डबे) बंद पडतात, आणि जे जागं राहून बॅटरी पीत होतं तेही गप्प होतं. या वेळी काही सोडलं नाही. बॉनेट उघडं, दरवाजाचं लॅच स्क्रूड्रायव्हरनं पाडून गाडीला दार बंद असल्याचं भासवलं, किल्ली लांब ठेवली आणि मॉड्यूल झोपेपर्यंत अर्धा तास चहा. मग निगेटिव्हच्या सगळ्या वायरी एकदम जबड्यात घेतल्या. ३८० मिलिअँपिअर! दिवसाला नऊ अँपिअर-अवर. ३५ अँपिअर-अवरची बॅटरी तिसऱ्या-चौथ्या दिवशी सेल्फ कशी मारणार?

आता कुठला सर्किट? फ्यूज एकेक काढायचे नाहीत, तीच चूक परत होते. फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक धातूचे ठिपके दिसतात ना, त्यावर मीटरचे प्रोब (वायरीच्या टोकाच्या टोकदार काड्या) टेकवून मिलिव्होल्ट बघायचे. बहुतेक फ्यूजवर ०.०. एका लाल १० अँपिअरच्या फ्यूजवर २.९. त्या फ्यूजचा रोध साधारण साडेसात मिलिओहम धरला तर भागाकार ३८०च्या जवळपास येतो. फ्यूजच्या जातीप्रमाणं हा आकडा बदलतो, पण चोर सापडायला एवढं पुरतं. बाहेरून बसवलेला म्युझिकचा अॅम्प्लिफायर निघाला, बंद होतच नव्हता.

झिरोचं, म्हणजे मोजण्याआधी आकडा शून्यावर आणायचं, मात्र शिकायला वेळ लागला. जबडा रिकामा मिटून, जिथं मोजायचं तिथंच, त्याच कोनात धरून झिरोचं बटण दाबायचं. मीटर नुसता आडवा फिरवला तरी माझा पंधरा-वीस मिलिअँपिअरनं सरकतो, कारण पृथ्वीचं चुंबकत्वही त्याला लागतं. स्पीकरजवळ तर विचारूच नका. करंट फारच कमी असेल तर आणि वायरीला ढील असेल तर तिचे पाच वेढे जबड्यात घेतो आणि आकड्याला पाचनं भागतो.

उसाच्या हंगामात बैलहोंगलकडचा एक ट्रॅक्टर आला, मागच्या ट्रॉलीचे ब्रेकलाइट मंद, खड्ड्यात गेला की लपलप. ड्रायव्हर सारखा कानडीत “एनात्री?” (काय झालं?) विचारत होता. ब्रेक दाबायला लावला आणि ट्रॉलीकडं जाणारी पॉझिटिव्ह आणि अर्थ, दोन्ही वायरी एकत्र जबड्यात धरल्या. जेवढा जातो तेवढा परत आला तर शून्य यायला हवं. आले २.७ अँपिअर. म्हणजे एवढा करंट अर्थच्या वायरीतून परत येत नव्हता. तो ट्रॉलीच्या लोखंडातून, हुकच्या गंजलेल्या पिनेतून येत होता. बल्बच्या अर्थपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मोजलं तर ४ व्होल्ट तिथंच खाल्ले जात होते. प्लगमधला अर्थचा स्क्रू ढिला होता. दोन मिनिटांचं काम, आणि मी सवयीनं आख्खं वायरिंग उकललं असतं.

व्होल्टेजसाठी मी प्रोबच्या वायरीला शिंप्याची लांब टाचणी सोल्डर केली आहे. कनेक्टरच्या मागून, वायरीच्या कडेनं हलकेच आत सारायची, आतली पिन लागते आणि जोड जोडलेलाच राहतो. वायरीला भोक पाडू नका. आमच्या खानापूर-जांबोटीच्या पावसात असं भोक एका पावसाळ्यात आतलं तांबं हिरवं करतं. आठ महिन्यांनी तीच गाडी माझ्याच दारात. आणि पिवळे कनेक्टर एअरबॅगचे, तिथं टाचणी, टेस्ट लॅम्प काहीही घालायचं नाही.

तक्रारी आहेत. पंधरा मिनिटांत स्वतःच बंद होतो, आणि गाडी झोपायला लागतो अर्धा तास. परत चालू केला की झिरो नव्यानं. जबडा अरुंद, ट्रॅक्टरच्या बॅटरीची केबल कशीबशी मावते. मावली तरी उपयोग काय, वरची मर्यादा १०० अँपिअर आणि डिझेलचा सेल्फ त्याच्या कितीतरी पुढं जातो, स्क्रीनवर नुसतं ‘ओएल’, म्हणजे मर्यादेबाहेर. सोबतचे प्रोब चौथ्या महिन्यात मानेला तुटले. दुकानदार म्हणाला, प्रोबला वॉरंटी नसते. स्वतःचे लावले.

सेल्फसाठी सध्या केबलच्या दोन टोकांना प्रोब लावून सेल्फ मारताना केबलमध्ये किती व्होल्ट पडतात ते बघतो. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला की केबल नाहीतर जोड खराब. पुढच्या हंगामाच्या आधी ६०० अँपिअरचा मोठा क्लॅम्प घ्यायचा विचार आहे, पण तो मिलिअँपिअर दाखवणार नाही, तेव्हा हा खिशातच राहील.