डोंबिवलीतलं पोळी-भाजी केंद्र आणि नऊच्या आतलं जेवण

डोंबिवली पूर्वेला पोळी-भाजी केंद्रांना तोटा नाही. स्टेशनातून बाहेर पडून फडके रोडने टिळकनगरच्या दिशेला चालायला लागलं की थोड्या थोड्या अंतरावर एकेक बोर्ड दिसतो. मी लिहितेय ते त्यातलंच एक, दोन बहिणींनी चालवलेलं, जेमतेम एका गाळ्याचं. चवीबद्दल सांगेनच, पण मला मुख्य सांगायचंय ते वेळेबद्दल. या केंद्रामुळे आमच्याकडचं रात्रीचं जेवण साडेदहावरून पावणेनऊवर आलं, आणि वजनासाठी मी आजवर जे जे केलं त्या सगळ्यापेक्षा याचा उपयोग जास्त झाला.

फोर्टातलं ऑफिस सुटल्यावर सव्वासातच्या सुमाराची कल्याण फास्ट मिळाली तरी डोंबिवलीला उतरायला साडेआठ होतात. त्यानंतर घरी जाऊन कणीक भिजवा, भाजी चिरा, कुकर लावा. पानं वाढेपर्यंत दहा वाजून जातात, आणि पहाटे पाचला उठायचं म्हणून अकराला अंथरुणावर पडावं लागतं. शेवटचा घास आणि झोप यांत पाऊण तासही उरत नाही. त्याहून वाईट असतो तो शिट्ट्या होईपर्यंतचा वेळ. दुपारी एकच्या डब्यानंतर पोटात काही नसतं, मग ओट्याशी उभ्या उभ्या मूठभर चिवडा, थोडी शेव, चहाबरोबर खारी. हे खाणं कोणी जेवणात धरत नाही, पण एका जेवणाइतका ऐवज त्यातच पोटात जातो. लोकलने येणाऱ्या बहुतेक बायकांची संध्याकाळ अशीच असते, हे आमच्या डब्यातल्या गप्पांवरून सांगते.

आता ठाणं सोडलं की मी व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप टाकते: सहा पोळ्या, पाव किलो भाजी, एक आमटी. उतरून चालत पोचेपर्यंत पुडकं बांधून तयार असतं. सासूबाईंनी भात आणि कोशिंबीर करून ठेवलेली असते. हातपाय धुतले की सरळ पानावर.

पोळ्यांना मी पैकीच्या पैकी गुण देईन. घडीची पोळी, पदर सुटलेली, कडेपर्यंत सारखी भाजलेली. तव्यावर बसणाऱ्या मावशींचा हात पाहत राहावा असा आहे. पोळी फुगायला लागली की कापडाच्या घडीने त्या कडेकडेने दाबतात, मधे हात लावत नाहीत, आणि उतरवली की दोन्ही तळव्यांत धरून एकदा चुरगळल्यासारखी करतात. तेलाचं बोट फक्त घडी घालताना लागतं, वरून नाही. एक पोळी बारा रुपये. बुधवारी आणि शनिवारी ज्वारीच्या भाकऱ्या असतात, पण आठच्या पुढे जाणाऱ्याला त्या मिळतीलच असं नाही. परवा मात्र धाकट्या ताई म्हणाल्या, "भाकऱ्या संपल्या होत्या, पण तुमचा मेसेज बघून दोन बाजूला काढल्या." असं कोणी केलं की दिवसाचा शीण उतरतो.

भाज्यांचं तसं नाही. मटकीची उसळ, दुधी-चणाडाळ आणि मुगागाठी उत्तम. पालेभाजी असेल त्या दिवशी दुसरं काही बघूच नका, ताकातला पालक तर घरच्यासारखा. पण फ्लॉवर-बटाटा, भरली वांगी आणि कुठलीही ‘स्पेशल’ म्हणून येणारी भाजी, यांवर तेलाचा तवंग असतो. आमटी जरा खारट. रात्री खायचं म्हणून आम्ही तवंग बाजूला काढतो, पण विकत घेतलेल्या भाजीवर ही वेळ यायला नको.

वेळेचा आणि वजनाचा संबंध खरा की नुसता ऐकीव, हे मी मुद्दाम वाचून काढलं, कारण आमच्या ऑफिसात दीक्षित सरांचं दोन जेवणांचं डाएट करणाऱ्यांपासून चौविहार (सूर्यास्तानंतर अन्नपाणी न घेणं) पाळणाऱ्या जैन मैत्रिणींपर्यंत प्रत्येकीचं मत वेगळं. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी 2020 मध्ये 20 निरोगी माणसांना तेच जेवण एकदा संध्याकाळी सहाला आणि एकदा रात्री दहाला दिलं, झोप दोन्ही वेळा अकराला. दहाच्या जेवणानंतर रक्तातली साखर साधारण 18 टक्के जास्त चढली आणि रात्रभरात चरबी सुमारे 10 टक्के कमी जळली. दहाला जेवून अकराला झोप, म्हणजे हुबेहूब आमचं जुनं वेळापत्रक. नवऱ्याची साखर काठावर असल्याने मला तो आकडा जास्तच लागला.

त्याहून पटला तो बोस्टनचा, 2022 चा प्रयोग. माणसं 16 च, सगळी जास्त वजनाची. खाणं तेच, फक्त प्रत्येक वेळ चार तासांनी पुढे ढकललेली. भूक वाढली, पोट भरल्याची खूण देणारं लेप्टिन कमी झालं, आणि शरीर उष्मांकही कमी जाळू लागलं. उशिरा जेवलेल्या दिवसानंतर दुसऱ्या दिवशी जास्त खा-खा सुटते, हे घरोघरी दिसतंच. त्यामागे मनाचा कमकुवतपणा नसून शरीराची यंत्रणा असते, हे कळल्यावर मला फार बरं वाटलं. बायकांना जिभेवर ताबा नाही म्हणून ऐकवणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

पण नुसतं घड्याळ पुरत नाही. त्याच वर्षी चीनमधल्या ग्वांगझूचा एक वर्षभराचा अभ्यास आला, 139 जणांचा. सगळ्यांना कमी उष्मांकांचं जेवण, त्यातल्या निम्म्या लोकांना शिवाय सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्यातच खायची अट. वजन दोन्हीकडे उतरलं आणि दोघांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. माझा अनुभव याच्याशी जुळतो. गणपतीत माझं वजन 71 होतं, आता 67 आहे. त्यातला मोठा वाटा ओट्यावरचा चिवडा बंद झाल्याचा असणार, कारण आल्या आल्या पानावर बसलं की डब्यांकडे हातच जात नाही. लवकर जेवणाने झोप सुधारली, पहाटेची आंबट ढेकर गेली, सकाळी खरी भूक लागायला लागली. ज्यांना घरीच आठला जेवता येतं त्यांनी या केंद्रावर पैसे घालवायची गरज नाही. ज्यांचा दिवस लोकलवर चालतो, त्यांच्यासाठी मात्र हे सोन्यासारखं आहे.

खर्चही सांगते. चौघांचं एका रात्रीचं साधारण दीडशे-पावणेदोनशे होतं. रोज परवडणारं नाही, म्हणून आम्ही सोमवार ते शुक्रवारच घेतो आणि भाजी एक दिवसाआड. बाकीच्या दिवशी नुसत्या पोळ्या आणून घरची उसळ किंवा मुगाची खिचडी. रविवारी संध्याकाळी केंद्र बंद असतं. स्टीलचा डबा घेऊन गेलात तर भाजी त्यातच देतात, जरूर न्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत गरम आमटी बांधलेली मला बघवत नाही.

एक विनंती दोघी ताईंना समोरही केली आहे, इथेही लिहिते. काउंटरच्या अगदी पुढे बटाटेवडे, कोथिंबीरवडी आणि अळूवडीचे ट्रे मांडलेले असतात, आणि भाकरी, उसळ, कोशिंबीर आतल्या बाजूला, दिसतही नाहीत. साडेआठला भुकेने कासावीस होऊन आलेला माणूस समोर दिसेल तेच घेतो. रांगेतल्या मुली पोळ्यांबरोबर दोन वडे घेऊन तिथेच उभ्याने खाताना मी रोज बघते. तळण विकू नका असं म्हणणं नाही, तुमचा धंदा त्यावर चालतो. पण संध्याकाळी सातनंतर तो ट्रे आत आणि उसळीचं पातेलं पुढे, एवढी अदलाबदल करून बघा. मोठ्या ताई "बघते" म्हणाल्या आहेत.