तीन कॅपिलरीवाली डिजिटल मेल्टिंग पॉइंट मशीन : घ्यावी का?

आमच्या तालुक्याच्या कॉलेजात बीएस्सीच्या लॅबसाठी पदार्थ किती अंशाला वितळतो (मेल्टिंग पॉइंट) ते पाहायची ही मशीन घेतली, उन्हाळा-पावसाळा दोन्ही पाहून झाले म्हणून लिहून राहिलो. कंपनीचं नाव टाकत नाही, अन् तसंही अशा साध्या मशिनी आतून सारख्याच राहतात. मधात तापणारा धातूचा ब्लॉक, त्यात कॅपिलरीसाठी (पावडर भरायची बारीक काचेची नळी) तीन भोकं, समोर भिंग, आत बारका दिवा, तापवण्याचा वेग कमी-जास्त करायचा एक नॉब आणि तापमानाच्या आकड्यांचा डिस्प्ले, बस.

पहिलं सुख म्हणजे थिले ट्यूबची (तेल तापवून मेल्टिंग पॉइंट काढायची जुनी काचेची नळी) कटकट गेली. तिकडे लिक्विड पॅराफिन तापवा, कॅपिलरी थर्मामीटरला रबरानं बांधा, तो रबर गरम तेलात ढिला झाला की कॅपिलरी सरळ बुडाशी, वर तेलाचा वास, आणि पोट्टे बर्नर असा धरतात की दहा-वीस अंश कधी चढले पत्ताच लागत नाही.

पण माझ्या मते खरा पैसा वसूल होतो तो तीन भोकांमुळे. युरिया आणि सिनॅमिक अ‍ॅसिड, दोघांचाही मेल्टिंग पॉइंट १३३ च्या आसपास, म्हणजे नुसत्या आकड्यावरून ओळखा म्हटलं तर एक्सटर्नलसुद्धा (बाहेरून येणारे परीक्षक) अडकतील. एका भोकात युरिया, एकात सिनॅमिक, मधल्यात दोघांचं घोटलेलं मिश्रण. शंभरीच्या आसपासच मधली पावडर काचेपासून सुटते, ओलसर दिसते आणि खाली बसते, आजूबाजूच्या दोन्ही तशाच कोरड्या उभ्या. अशुद्ध पदार्थ लवकर वितळतो आणि त्याची रेंज (वितळणं सुरू झाल्यापासून संपेपर्यंतचे अंश) लांबते हे कितीही वेळा लिहून द्या, भिंगातून हे एकदा दाखवलं की विषय संपला.

आता तक्रार. डिस्प्लेवर पॉइंटनंतरचा आकडा दिसते म्हणून पोरं समजतात की रीडिंग तेवढं अचूक आहे. काहून अचूक राहील? तो ब्लॉकचा आकडा आहे, तुमच्या पावडरचा नाही. नॉब जोरात फिरवला की ब्लॉक पुढे पळतो, पावडर मागं राहते, आणि १२२ चं बेंझोइक अ‍ॅसिड १२६ ला वितळलं म्हणून जर्नलमध्ये लिहिलं जाते. एकदा भरभर तापवून अंदाज घ्यायचा, मग नवीन कॅपिलरी घेऊन (जुनीच परत वापरायची नाही) अपेक्षित आकड्याच्या पंधरा-वीस अंश खालून मिनिटाला एक-दोन अंश, यापेक्षा जास्त नाही. नॉबवर १ ते १० लिहिलंय पण त्याचा अर्थ कंपनीलाच माहीत, आम्ही घड्याळ लावून कोणत्या खुणेला किती चढते ते पाहिलं आणि कागद मशीनवर चिकटवला. त्यातही वोल्टेज! आजूबाजूच्या शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की तोच नॉब, तीच खूण, पण चढण मंदावते, म्हणून स्टॅबिलायझर लावावाच लागला.

आल्या आल्या कॅलिब्रेशन करा, म्हणजे मेल्टिंग पॉइंट माहीत असलेल्या पदार्थांवर मशीन तपासून घ्या. नॅफ्थॅलीन ८०, अ‍ॅसिटॅनिलाइड ११४, बेंझोइक १२२, सॅलिसिलिक १५९, सगळे शुद्ध आणि वाळवलेले, पावसाळ्यात तर डेसिकेटरमधूनच (ओल लागू न देणारं बंद भांडं) काढायचे. नॅफ्थॅलीन उडून जाते, त्याची कॅपिलरी वरूनही बंद करा. आमची मशीन खालच्या भागात बरोबर आहे पण १५० च्या वर जरा जास्त दाखवते, तेवढं वजा करून घेतो.

उन्हाळ्याचं वेगळंच. मे महिन्यात लॅबच ४५ ला असते, फिनॉल बाटलीत पाणी होऊन बसलेलं (त्याचा मेल्टिंग पॉइंटच ४१ च्या आत), मग ४८ चं बेंझोफिनोन या मशीनवर दुपारी कसं काढणार, पंधरा-वीस अंश खालून सुरू करायला जागाच नाही. आणि एक रीडिंग झालं की ब्लॉक थंड व्हायला इतका वेळ घेते की पूर्ण बॅच एका मशीनवर निघत नाही. थिले ट्यूबा फेकू नका, अर्धी बॅच तिकडेच बसवा.

कॅपिलरी सोबत येतात त्या दोन्ही बाजूंनी उघड्या, एक तोंड ज्योतीवर बंद करावं लागते. पावडर बारीक घोटून फक्त २-३ मिलिमीटर भरायची आणि कॅपिलरी लांब काचेच्या नळीतून टेबलावर दोन-चारदा टाकायची म्हणजे घट्ट बसते. बोटभर भरली की रेंज लांबणारच, मग मशीनला नावं ठेवू नका.

एकूण, घ्यायला हरकत नाही. बजेट थोडं ताणता येत असेल तर मिनिटाला किती अंश हे सेट करायची सोय असलेलं मॉडेल पाहा, नॉबवाल्यापेक्षा तेच कामाचं. आणि ऑर्डर देतानाच दोन जादा बल्ब मागून घ्या, आमचा ऐन परीक्षेच्या आठवड्यात गेला आणि सर्विसवाला नागपूरहून येईपर्यंत पोरं मोबाईलचा टॉर्च धरून रीडिंग घेत होती.