अ‍ॅलेक्स स्कॉट: सूत्रं मिळाली, विश्लेषण गेलं

बीबीसीच्या फुटबॉल प्रक्षेपणात अ‍ॅलेक्स स्कॉट दोन भूमिकांत दिसली, आधी विश्लेषक आणि मग सूत्रसंचालक. पहिल्या कामाला पाचपैकी साडेचार, दुसऱ्याला तीन.

इंग्लंडकडून १४० सामने खेळलेली ही राइट-बॅक, म्हणजे उजव्या बाजूची बचावपटू. लंडनच्या आर्सेनल क्लबमध्ये आली तेव्हा वय आठ. एप्रिल २००७ मध्ये युएफा महिला चषक या युरोपातल्या क्लब स्पर्धेच्या अंतिम फेरीचा आर्सेनलचा पहिला सामना स्वीडनमध्ये, उमेओ क्लबच्या मैदानावर झाला. समोर ब्राझीलची स्टार मार्ता. ९० मिनिटं ०-०, आणि भरपाई वेळेत स्कॉटने लांबून मारलेला फटका थेट जाळ्यात. परतीचा सामना ०-० सुटला, म्हणजे दोन्ही सामन्यांतला एकमेव गोल बचावपटूचा! त्यानंतर २०२५ पर्यंत एकाही इंग्लिश क्लबला युरोपातलं हे विजेतेपद मिळालं नाही, आणि तेव्हाही ते आर्सेनललाच मिळालं.

२०१८ च्या रशियातल्या पुरुष विश्वचषकात ती बीबीसीच्या विश्लेषकांत बसली. या कामाचं शिक्षणही तिने घेतलंय. स्टॅफर्डशर विद्यापीठाची क्रीडालेखन आणि प्रसारणातली पदवी. जागेची जाण मात्र मैदानातूनच येते. गोलनंतरचा रिप्ले चेंडूमागे धावतो. राइट-बॅकची चूक बहुतेकदा त्याच्या चार-पाच सेकंद आधीच झालेली असते: अंग पूर्ण चेंडूकडे वळलेलं, पाठीमागचा विंगर (कडेने चढाई करणारा प्रतिस्पर्धी) नजरेआड, सेंटर-बॅक म्हणजे मधल्या बचावपटूपासूनचं अंतर फाटलेलं. हे दाखवायला वाइड कॅमेऱ्याचं चित्र गोठवावं लागतं, आणि कुठे गोठवायचं हे त्या जागी खेळलेल्यालाच चटकन कळतं. बीबीसीवर जाहिराती नसल्याने मध्यंतराची १५ मिनिटं बऱ्यापैकी हाताशी राहतात, हाही फायदा.

२०२१ मध्ये बीबीसीच्या ‘फुटबॉल फोकस’ची सूत्रं तिच्याकडे आली, या कार्यक्रमाची पहिली कायमस्वरूपी महिला सूत्रसंचालक. इथे घोडं अडतं. सूत्रसंचालकाच्या कानात निर्माता सेकंद मोजत असतो, समोर पाहुणे आणि पुढची चित्रफीत तयार. स्वतःचं मत सांगायला वेळ उरतो कुठे? त्यात प्रश्न ‘कसं वाटलं?’ छापाचा झाला की उत्तरही गुळमुळीत येतं. स्कॉट हसतखेळत सगळ्यांना बोलतं करते, पण जे उत्तर तिलाच उत्तम देता आलं असतं ते दुसऱ्याकडून काढत बसते.

उच्चारांवरच्या टीकेत मात्र दम नाही. टोकियो ऑलिंपिकच्या वेळी ब्रिटिश संसदेच्या वरच्या सभागृहाच्या, हाउस ऑफ लॉर्ड्सच्या, एका माजी सदस्याने इंग्रजी ‘-ing’ म्हणताना तिच्या गळणाऱ्या ‘ग’वर बोट ठेवलं होतं. ‘पाणी’चं ‘पानी’ ऐकून नाक मुरडणारे तिकडेही आहेत तर! पूर्व लंडनच्या कामगार वस्तीतल्या आपल्या बोलीचा अभिमान आहे, असं तिने सुनावलं.

बीबीसीची ऑनलाइन सेवा आयप्लेयर हे ब्रिटनबाहेर अधिकृतपणे चालत नाही. लंडन-लेस्टरच्या मराठी घरांत ते दिसेल, पण टीव्ही लायसन्स हवं. एप्रिल २०२५ मध्ये त्याची वर्षाची फी १७४.५० पौंड झाली. इथून बघणाऱ्यांनी जुन्या क्लिप शोधताना २०१८ चा पुरुष आणि २०१९ चा महिला विश्वचषक यांपासून सुरुवात करावी. तेव्हा ती विश्लेषकाच्या खुर्चीत होती.