केबल ल्युबर क्लॅम्प: अडकणाऱ्या रेसवर कितपत उपयोगी?

अंगठ्याएवढा अॅल्युमिनियमचा तुकडा, आत चीर पाडलेलं काळं रबर, हाताने पिळायचे दोन स्क्रू आणि स्प्रेची नळी घालायला एक बारीक भोक. रेसच्या केबलच्या आवरणात तेल फवारायला वापरतात ती केबल ल्युबर नावाची वस्तू एवढीच. कोकणातल्या लाल मातीत किंवा पावसाळी चिखलात डर्ट बाइक चालवणाऱ्याने ती घ्यावीच, असं आमचं ठाम मत आहे. मात्र रेस अडकली की दोष केबलचाच असतो असं नाही, म्हणून आधी तपासणी.

इंजिन बंद ठेवून मूठ पूर्ण पिळा आणि सोडा. एकदा हँडल सरळ ठेवून, मग पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे. तिन्ही वेळा मूठ खटकन मागे आली पाहिजे. एकाच बाजूला रेंगाळली तर केबल टाकीखाली दबली आहे किंवा कुणीतरी झिप टाय जास्त आवळलाय. आता गाडी न्यूट्रलमध्ये चालू करून हँडल दोन्ही टोकांना फिरवा. रेस आपोआप चढली तर केबल ताणली जातेय, तिचा मार्ग बदला किंवा प्ले (केबलची ढिलाई) वाढवा. कितीही तेल घातलं तरी हे सुटणार नाही.

तिन्हीकडे जड लागत असेल तर थ्रॉटल हाउसिंग (मुठीजवळची केबलची डबी) उघडा, केबलचं निपल (तारेच्या टोकाचा धातूचा गोळा) काढा आणि मुठीची नुसती नळी फिरवून बघा. गाडी पडल्यावर हँडगार्डचं टोक आत सरकतं आणि मुठीच्या कडेला घासत राहतं. हा दोष अगदी नेहमीचा, आणि तरी शेवटी सापडणारा. नळी आणि हँडगार्डमध्ये 1 ते 2 मिमी फट ठेवा. हँडलच्या पाइपला धार आली असेल तर बारीक कानस फिरवा, पुसा आणि नळी कोरडीच बसवा. ग्रीस लावलंत तर त्यात धूळ कालवली जाते आणि तेच पाइप घासत बसतं.

नळी मोकळी निघाली तर केबलचं खालचं टोकही सोडवा आणि आतली तार हाताने मागेपुढे ओढा. खरखर जाणवली तरच ल्युबरची पाळी. तार हलकी चालत असेल तर एअर फिल्टर चुकवून आलेली माती कार्बोरेटरच्या स्लाइडमध्ये (रेसबरोबर वरखाली सरकणारा भाग) शोधा. मूठ बंद होऊनही रेस हळूहळू खाली येत असेल तर इनटेकच्या रबरी जोडाला चीर पडली आहे का ते पाहा, तिथून जादा हवा जाते.

ल्युबर लावताना केबलचं आवरण जिथे संपतं ते टोक आणि पुढची उघडी तार, दोन्ही रबराच्या आत हवीत. भोक त्या सांध्याजवळ यावं. केबलचं खालचं टोक फडक्यात लोंबतं ठेवा, नाहीतर सगळा मळ थ्रॉटल बॉडीत (इंजिनाला हवा सोडणाऱ्या भागात) जाईल. डोळ्यांना गॉगल लावा. एकेक सेकंदाचे छोटे फवारे मारा, मध्ये तार हलवा. खालून आधी तांबूस-काळं पाणी येतं, मग स्वच्छ तेल. तिथे थांबा.

उणिवा आहेत. चिरेतून थोडं तेल परत येतंच. बारीक केबलवर रबर नीट आवळत नाही, आणि वाकड्या धातूच्या नळीचं टोक असेल तर क्लॅम्प तिरका बसतो. अशा वेळी केबलच्या सरळ टोकाकडून सुरुवात करा. स्वस्तातलं रबर काही महिन्यांत कडक होतं, म्हणून सुटं रबर मिळणारा क्लॅम्प घ्या.

तेल कुठलं, हे क्लॅम्पपेक्षा महत्त्वाचं. केबलसाठीचा पातळ स्प्रेच वापरा. चेन ल्युब चिकट असतो, माती धरतो. डब्ल्यूडी-40 मळ काढायला ठीक, पण तेवढ्यावर सोडलं तर तार लवकरच पुन्हा कोरडी पडते.

जोडताना दोन केबलच्या गाडीत दोन्ही लॉकनट सैल करा. मूठ बंद ठेवून आधी परतीच्या (रेस बंद करणाऱ्या) केबलचा प्ले संपवा, मग ओढणाऱ्या केबलने मुठीवर 2 ते 3 मिमी प्ले आणा. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच पाळा. चालू करण्याआधी हँडल फिरवून तीच तीन ठिकाणांची चाचणी पुन्हा घ्या.

एक्सपल्स 200 4व्हीसारख्या केबलच्या गाड्यांना हा क्लॅम्प चालतो. केटीएम 390 एन्ड्युरो आर राइड-बाय-वायर आहे, म्हणजे तिची रेस केबलऐवजी इलेक्ट्रॉनिक पद्धतीने चालते, तिथे त्याचं काहीच काम नाही.

निपलजवळ तारेचा एक धागा जरी सुटलेला दिसला तरी तेल घालू नका. तो धागा आवरणात अडकून रेस उघडी राहू शकते. केबल बदला, आणि नवी येईपर्यंत गाडी उभी ठेवा.