एका दिवसाचं वेंगुर्लं, बेळगावकरांसाठी

बेळगावात समुद्र म्हटलं की आधी गोवा आठवतो. पण पहाटे निघून रात्री जेवायला घरी परत यायचं असेल तर वेंगुर्ल्याचा हिशेब बरा बसतो. एका बाजूनं साधारण १२० किलोमीटर, स्वतःच्या गाडीनं तीन ते साडेतीन तास, आणि पोचल्यावर गाडी लावायला जागा शोधत फिरावं लागत नाही. फक्त एक बाजार, एक जेवण आणि एक किनारा एवढ्यावरच थांबायचं. त्यातच रेडीचा गणपती, आरवलीचा वेतोबा, शिरोड्याचा वेळागर आणि परतताना सावंतवाडीचा मोती तलाव कोंबला, तर दिवस गाडीत बसूनच संपतो.

रस्ता ओळखीचाच: हिंडलगा, शिनोळी, पाटणे फाटा, हलकर्णी, मग चंदगडचा पट्टा मागे टाकून आंबोली, घाट उतरून दाणोली आणि सावंतवाडी. टाकी बेळगावातच भरून घ्यावी, हद्दीपलीकडे पेट्रोल महाग पडतं. आंबोली जवळजवळ ६९० मीटर उंचीवर आहे आणि तिथून सावंतवाडीपर्यंत तीसेक किलोमीटरात बरीचशी उंची उतरायची असते. इथं लोक हमखास एकच चूक करतात, गाडी चौथ्या गिअरला ठेवून सतत ब्रेकवर पाय. ब्रेक तापले की पकड कमी होते आणि दाणोलीपर्यंत जळका वास येत राहतो. दुसरा गिअर घाला, वेग इंजिनानं धरू द्या, ब्रेक वळणापुरता. ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी आंबोलीच्या आधी निदान अर्धा तास घ्यावी. वळणं सुरू झाल्यावर घेतलेली गोळी बहुतेक वेळा बाहेरच पडते. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी हा बेत नकोच. धबधबा रस्त्याला लागूनच आहे, तिथं गाड्या अडकतात आणि धुक्यात पुढची गाडी दिसत नाही.

बसनं जाणाऱ्यांनी तिकिटाचा घोळ आधी समजून घ्यावा. कर्नाटकाची शक्ती योजना आंतरराज्य प्रवासाला नाही, त्यामुळे आधार कार्ड दाखवून फुकट वेंगुर्ल्याला जाता येईल असं समजून बसलेल्या बायकांची कंडक्टरशी हुज्जत ठरलेली. महाराष्ट्राच्या एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, पण तेही महाराष्ट्राच्या हद्दीपुरतं. बेळगाव ते हद्द या टप्प्याचं भाडं पूर्ण. थेट गाडी जमली नाही तर सावंतवाडीपर्यंत जाऊन तिथं बदलायचं. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ मात्र उतरल्या उतरल्या स्टँडवरच विचारून घ्यावी, किनाऱ्यावर चहावाल्याला विचारून नव्हे. आणि तारीख ठरवताना १ नोव्हेंबर टाळाच, एकीकडे कर्नाटकाचा राज्योत्सव आणि दुसरीकडे मराठी भाषकांचा काळा दिन असतो. सीमाप्रश्न तापला की पहिल्या थांबतात त्या बसगाड्या. डिसेंबर २०२२ मध्ये आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये दोन्ही बाजूंच्या फेऱ्या बंद पडल्या होत्या.

पाच-सहा घरं मिळून जाणार असाल तर पिवळ्या पाटीची ट्रॅव्हलर परवडते. ठरवताना दोन गोष्टी विचारा: दिवसाचे किमान किलोमीटर किती धरणार आणि महाराष्ट्राचा परमिट-टॅक्स कोणाच्या खिशातून. किमान ३०० किलोमीटर धरत असतील तर जाऊन-येऊन २४० झाल्यावर उरलेल्या साठात मोचेमाड किंवा शिरोडा बसतो. एवढ्यापुरतीच दुसऱ्या किनाऱ्याला सूट.

आता जेवण, कारण खरं तर त्यासाठीच जायचं. घरगुती खानावळींना पाचपैकी साडेचार. मोठ्या पाटीच्या, तंदूर आणि चायनीजही देणाऱ्या हॉटेलांना अडीचच्या वर नाही. खानावळीत मासे मोजून आणलेले असतात, त्यामुळे अकराच्या आत फोन करून किती माणसं आणि कोणता मासा ते सांगावं. रविवारी दोननंतर गेलात तर ताटात उरलंसुरलं येईल. सवयीनं पापलेट मागू नका. ताजा बांगडा स्वस्तही असतो आणि या स्वयंपाकाची ओळख त्याच्याच तिखल्यात, म्हणजे तिखट रश्श्यात, होते. रश्श्यात हिरवट-काळी तिरफळं दिसतील, ती चावायची नाहीत. चावलीत तर जीभ बधिर होऊन सोलकढीचीही चव जाईल. तळलेल्या तुकडीवर रव्याचा जाड थर असेल तर आधी थर थोडा सोडवून मांस पाहा. ताजी सुरमई पाकळ्या-पाकळ्यांनी सुटते, जुनी पिठूळ लागते. सोलकढीचा रंग फिका गुलाबी हवा. भडक गुलाबी दिसली तर आगळाऐवजी (कोकमाच्या खारट रसाऐवजी) रंग किंवा सरबताचं सिरप पडलंय असं समजावं.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी असते. त्या दोन महिन्यांत ताटात येणारी सुरमई बहुधा बर्फातली. तेव्हा खाडीचे मासे, तिसऱ्या (शिंपल्या), नाहीतर सरळ कोंबडी-वडे. शाकाहारी मंडळींची सोय काळ्या वाटाण्याच्या उसळीवर होते, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये ओल्या काजूची उसळ मिळाली तर मासे खाणारेच त्यांच्या ताटात डोकावतील.

किनारा उभादांड्याचा, सागरेश्वर देवळाजवळचा. सुरूची सावली आहे, वाळू लांबवर मोकळी आहे. भरती-ओहोटीचा अंदाज घरातल्या कालनिर्णयावरून निघतो: तिथीला पाऊणनं गुणायचं, उत्तर ही पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला ८ चे पाऊणपट ६, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला भरती आणि दुपारी बाराच्या आसपास ओहोटी. पौर्णिमा-अमावस्येला १५ धरा, सव्वाअकरा येतात. जेवून अडीच-तीनला वाळूवर पोचणाऱ्याला त्या वेळची ओहोटी हवी, म्हणजे एकादशी ते त्रयोदशी. एकादशीला मासे खाणारा मिळणं कठीण, तेव्हा द्वादशी किंवा त्रयोदशी बघावी. पोरं पाण्यात उतरणार असतील तर मांडवी खाडीच्या तोंडापासून लांब राहा. ओहोटीला खाडीचं पाणी समुद्राकडे ओढ घेतं आणि गुडघाभर पाण्यातही पाय सुटतो. पावसाळ्यात तर पाण्यात जायचंच नाही. बंदर, झुलता पूल, डच वखारीचे अवशेष हे सगळं तासाभरात होतं. वखार सतराव्या शतकातली आहे, पण आता भिंतींपलीकडे फारसं काही उरलेलं नाही, म्हणून खास वाट वाकडी करू नये.

सूर्यास्त सोडून द्या. ऐकायला कडू वाटेल, पण डिसेंबरात सूर्य सहानंतर बुडतो, तिथून निघालात तर आंबोलीचा घाट पूर्ण अंधारात चढावा लागतो आणि वरच्या जंगलपट्ट्यात गवे रस्त्यावर उभे असतात. काळं जनावर, डांबराचा काळा रस्ता. हेडलाइटमध्ये दिसेपर्यंत अंतर संपलेलं असतं. साडेचारला किनारा सोडायचा, घाट उजेडात संपवायचा.

मासे घरी न्यायचे असतील तर सकाळी पोचल्यावर बाजारातून घेऊन दिवसभर डिकीत ठेवू नका. निघतानाच घ्या, किंवा सकाळी घेतलेले खानावळीच्या फ्रीझरला ठेवायला सांगा, बहुतेक जण ठेवतात. डोळे स्वच्छ आणि फुगीर, कल्ले लालभडक, पोट दाबल्यावर खड्डा न राहणारं, हे पाहून घ्यायचं. कोळणीकडूनच साफ करून घ्या, आतडी काढली की मासा जास्त टिकतो. थर्मोकोलच्या खोक्यात किलोला किलो कुटलेला बर्फ: खाली बर्फ, मग मासे, पुन्हा बर्फ. मासे वितळलेल्या पाण्यात पडून राहिले की चव आणि रंग दोन्ही जातात, म्हणून तळाशी जाळी किंवा दोन उलट्या वाट्या. बांगडा आणि कुपा (ट्यूना) यांच्या बाबतीत ढिलाई करूच नये. ते गरम राहिले तर त्यांच्यात हिस्टामाइन तयार होतं, आणि ते शिजवूनही जात नाही; जेवल्यावर अर्ध्या तासात चेहरा लाल आणि डोकं ठणकायला लागलं तर कारण तेच. बसमध्ये खोकं नेताना कडा चिकटपट्टीनं बंद करा. घाटातल्या वळणावर बर्फाचं पाणी पुढच्या सीटखाली गेलं की उरलेला प्रवास कठीण होतो.

काजू घ्यायचे तर पाकिटावरचा आकडा वाचा. डब्ल्यू २४० म्हणजे एका पौंडात २२० ते २४० गर, डब्ल्यू ३२० म्हणजे ३०० ते ३२०. आकडा लहान तेवढा गर मोठा आणि भाव चढा. भाजी-उसळीला ३२० किंवा तुकडा पुरतो, उगाच मोठ्याचे पैसे देऊ नयेत. एक गर दातानं मोडून बघा, कटकन तुटला तर कोरडा. लवचिक वाटला तर दमट आहे आणि महिन्याभरात खवट होईल. आगळ आणि कोकम सरबत यांच्या बाटल्या शेजारी शेजारी मांडलेल्या असतात. सोलकढीसाठी आगळच लागतं, त्यात मीठ असतं आणि साखर नसते. भाव फारच चढे वाटले तर काजू तिथं राहू द्या, चंदगडच्या बाजूलाही काजू कारखाने आहेत आणि ते परतीच्या वाटेवरच लागतात.