उलटी पिसं की उघडी मान?

परसात आठ-दहा गावठी कोंबड्या आहेत, एप्रिल-मेच्या उकाड्यात अंडी आटतात, म्हणून आता वेगळं काही आणावं असं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी हे. उत्तर प्रदेशातल्या इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने उकाड्यात टिकणारे दोन संकर केलेत: उलट्या पिसांची उपकारी आणि उघड्या मानेची हितकारी. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमच्या घरी दोन्ही नांदल्या.

रूपाला उपकारीच. केराटिन म्हणजे पिसं, केस, नखं ज्याची बनतात ते प्रथिन; त्याच्या केआरटी75 या जनुकातला डीएनएच्या 69 अक्षरांचा तुकडा गळालेला असतो, त्यामुळे पिसाचा दांडा बाहेर वळतो; हे 2012 साली कळलं. वळलेल्या पिसांतून वारा खेळतो. मे महिन्यात इतर कोंबड्या चोच उघडून धापा टाकायच्या, तेव्हा ही खुशाल उकिरडा उकरत असायची.

मग मिरग लागला. वळलेल्या पिसांवरून पाणी ओघळत नाही, थेट कातडीला भिडतं. शिवाय तिला धड उडता येत नाही. दांडीवर चढायचं सोडून ती खुराड्याच्या ओल्या जमिनीवरच कुडकुडत बसायची. जूनपासून चवथीपर्यंत रोज तिन्हीसांजेला मी कोंबड्या टॉवेलने पुसत होतो. बायको म्हणाली, "स्वतःच्या पोरांची डोकी कधी पुसली नाहीत एवढी."

पैदाशीतही जपावं लागतं. कोंबडा-कोंबडी दोन्ही उलट्या पिसांची जोडलीत, तर चारातलं साधारण एक पिल्लू जनुकाच्या दोन प्रती घेऊन येतं. त्याची पिसं तुटून अंग उघडं पडतं. कोंबडा साध्या पिसांचाच ठेवा.

हितकारी दिसायला, खरं सांगायचं तर, ओंगळ. पाहुणे विचारतात, हिला कसला रोग? पण उघड्या मानेच्या जनुकाची एक प्रत असली तर पिसं साधारण 20 टक्के कमी, दोन असल्या तर 40. आणि पाठीवरची उरलेली सरळ, पाणी झटकणारी. गळ्यापुढे पिसांचा झुबका दिसला तर एकच प्रत समजा. कोंबड्यांचा देवी रोग डासांतून पसरतो आणि इथे मान उघडीच, तेव्हा लस चुकवू नका.

तुमच्याकडे पाऊस बेताचा आणि निवारा पक्का असेल, तर उपकारीला मी नाही म्हणणार नाही. आमच्याकडे यंदा सात उघड्या मानेच्या आहेत. उलट्या पिसांची एकच, धाकटीच्या हट्टाखातर. टॉवेल खुंटीला आहेच.