अ‍ॅम्नेशिया, एलियन की फास्मोफोबिया? खरंच टरकायचं असेल तर

"भीती वाटेल असा गेम सांग" म्हणणाऱ्याला मी आधी उलट विचारतो: लॅपटॉप कसला आहे, नेट टिकतं का, खेळणार एकटा की चौघं? कोकणात आणखी एक प्रश्न जोडावा लागतो, तो लाईटचा. मृगापासून हस्तापर्यंत ती कधी जाईल याचा नेम नसतो आणि या तिघांतल्या एका गेमला ते फार महागात पडतं.

तो म्हणजे 2014 चा 'एलियन: आयसोलेशन'. यात मनात आलं की सेव्ह करता येत नाही. भिंतीवरच्या टेलिफोनसारख्या खोक्यापर्यंत लपतछपत पोचायचं, कार्ड सरकवायचं आणि तिन्ही दिवे लागेपर्यंत तिथंच उभं राहायचं. तेवढ्यात मागून एलियनची शेपूट आरपार गेली की अर्ध्या तासाची मेहनत पाण्यात. लाईट गेली तरी तेच. इन्व्हर्टर नसेल आणि लॅपटॉपची बॅटरी मेलेली असेल, तर दिवाळीपर्यंत थांबा.

पण भीतीच्या बाबतीत माझं मत यालाच. गेममध्ये एलियनची जणू दोन डोकी आहेत. एकाला तुम्ही कुठे आहात हे कायम ठाऊक असतं, पण ते दुसऱ्याला फक्त "त्या बाजूला बघ" एवढंच सुचवतं. दुसरं स्वतःच्या डोळ्या-कानांनी तुम्हाला हुडकतं. तुम्ही फार वेळ दडपणाखाली राहिलात की पहिलं त्याला जरा लांब पाठवतं, मग पुन्हा सोडतं. त्यामुळे पाठांतर चालत नाही. हरलात आणि त्याच खोलीत परत आलात, तरी तो दुसऱ्याच दारातून येतो. हातातलं ट्रॅकर यंत्र तो जवळ असल्याचं सांगतं, पण जवळून त्याचाच आवाज एलियनला ऐकू जातो! 2021 च्या डिसेंबरपासून हा फोनवरही आहे. बोटांनी खेळायला मला तरी जमत नाही.

'अ‍ॅम्नेशिया: द डार्क डिसेंट' 2010 चा, स्वीडनच्या फ्रिक्शनल गेम्सचा. बऱ्याच जुन्या लॅपटॉपवरही चालतो. हातात शस्त्र नाही. कंदील, मोजकं तेल आणि लपायला कोपरे. अंधारात थांबलात की डोकं फिरायला लागतं, राक्षसाकडे टक लावलीत तरी तेच. दार माऊसने धरून ओढावं किंवा ढकलावं लागतं, आणि मागे कोणी लागलं की हमखास उलट्या बाजूला ओढलं जातं. पाण्याने भरलेल्या तळघरात तर साक्षात गिऱ्हाच, म्हणजे पाण्यातलं भूतच आहे: दिसत नाही, पाण्यावर फक्त पावलं उमटतात. खोक्यांवरून उड्या मारत जायचं आणि मांसाचे तुकडे फेकून त्याला दुसरीकडे वळवायचं. फक्त हे सगळं आधी आखलेलं असतं, त्यामुळे दुसऱ्यांदा खेळताना निम्मी भीती ओसरते. पहिला घाबरवणारा गेम म्हणून मात्र हाच घ्या.

'फास्मोफोबिया' चौघांचा. घरात भूत कुठल्या जातीचं आहे ते पुरावे जमवून ओळखायचं. भूत मागे लागतं तेव्हा तुमचा माईक ऐकतं, बोललात की सापडलात. गणपतीला चाकरमानी लॅपटॉप घेऊन येतात तेव्हा माणसं आयती मिळतात, पण माजघरात भजन रंगलेलं असताना तो माईक उघडा ठेवू नका. भुताला मराठी कळत नाही, प्रश्न इंग्रजीत विचारा, "खय आसस?" विचारून उत्तर येत नाही. माणसं गोळा झाली की भीतीपेक्षा हसणंच जास्त होतं, त्यामुळे टरकायचंच असेल तर हा तिसऱ्या नंबरावर.

फोनच असेल तर 'ग्रॅनी' आहेच, फुकट. वस्तू खाली पडली की म्हातारी धावत येते. दोन संध्याकाळी मजा.

एक मात्र तिन्हींना लागू: पत्र्याच्या पडवीत पाऊस कोसळत असताना खेळू नका, हेडफोन लावूनही पावलं ऐकू येत नाहीत. आणि घाई नसेल तर स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात जूनअखेरीस आणि डिसेंबरात सेल लागतो, तेव्हा घ्या.